तुमचं मशीन फास्ट आहे, काउंटरवरचं नाही : सॉफ्टवेअर कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रोजेक्ट मॅनेजर, टीम लीड आणि टेस्टिंग प्रमुख
वागळे इस्टेट, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे, वाशी, बेलापूर

विषय : स्लो मशीन वापरणाऱ्यांसाठी फास्ट मशीनवर परफॉर्मन्स तपासण्याबाबत

महोदय / महोदया,

सॉफ्टवेअर तयार होतं महापेच्या एसीत आणि चालतं कळव्यातल्या दवाखान्याच्या काउंटरवर, एपीएमसी मार्केटच्या गाळ्यात, कोपरखैरण्यातल्या सोसायटीच्या ऑफिसात. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये १६ किंवा ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली अतिशय वेगवान डिस्क, असते. काउंटरवर अनेकदा ४ जीबी रॅम, दोन कोअरचा (काम करणारे दोनच भाग असलेला) प्रोसेसर, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन. ‘आमच्याकडे तर पटकन उघडतं’ असं सपोर्टवाले फोनवर सांगतात, आणि ते खोटं नसतं. काउंटरसमोर रांग लागलेल्या माणसाला मात्र त्याचा काडीचा उपयोग नसतो.

ही मशीनं आज ना उद्या बदलतील, या आशेवर राहू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्याच्याकडे तो नाही, तो आहे तेच मशीन रेटतो. शिवाय नवं मशीन म्हणजे फास्ट मशीन असंही नाही. विंडोज ११ ची रॅमची किमान अट ४ जीबी आणि स्टोरेजची ६४ जीबी एवढीच आहे. इंटेलचा सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा, ६ वॉटचा, ४ एमबी कॅशचा (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) प्रोसेसरही त्याला चालतो.

आमचं म्हणणं एवढंच : फास्ट मशीनवर सेकंद मोजू नका, काम मोजा. सेकंदच मोजायचे असतील, तर मशीनचा कुठला भाग किती आवळला हे सांगता आलं पाहिजे. ‘आम्ही मशीन पाचपट स्लो करून बघितलं’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

आधी कामाचं बोलू, कारण त्याला ना जुनं मशीन लागतं ना एखादं टूल विकत घ्यावं लागतं. एक स्क्रीन उघडताना डेटाबेसला किती क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, गेल्या, सर्व्हरला किती रिक्वेस्ट गेल्या, किती वेगवेगळ्या फाइल उघडल्या, किती केबी डेटा आला, हे आकडे ३२ जीबीच्या मशीनवर आणि ४ जीबीच्या मशीनवर जवळजवळ सारखेच येतात. मशीन बदललं की बदलते ती प्रत्येक कामाची किंमत. सोसायटीच्या मेंटेनन्स वसुलीची यादी घ्या. २०० फ्लॅट, आणि प्रत्येक फ्लॅटची थकबाकी वेगळ्या क्वेरीने आणलेली, म्हणजे एकूण २०१ क्वेरी. सर्व्हर त्याच मजल्यावर असेल आणि एका फेरीला, म्हणजे मागणी जाऊन उत्तर परत यायला, १ मिलिसेकंद लागत असेल, तर सगळं मिळून ०.२ सेकंद, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीच फेरी ४० मिलिसेकंदांची झाली, जे मोबाइल डेटावर सहज होतं, की तीच यादी ८ सेकंद घेते. हे शोधायला स्टॉपवॉच नको. लॉगमध्ये क्वेरी मोजा, २०१ दिसल्या की तिथेच थांबा आणि एका क्वेरीत आणा.

विंडोजवर फाइल मोजायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं प्रोसेस मॉनिटर फुकट मिळतं. आपल्या प्रोग्रॅमच्या नावाचा फिल्टर लावायचा, प्रोग्रॅम सुरू करायचा आणि पहिली स्क्रीन येईपर्यंत किती फाइल उघडल्या ते बघायचं. आयकॉन, भाषांतरं, छोट्या कॉन्फिग फाइल असं करत आकडा हजाराच्या पुढे गेला तर चकित होऊ नका.

दुसरा आकडा टेस्ट डेटाचा. डेव्हलपरच्या डेटाबेसमध्ये बारा पेशंट असतात, त्यातले चार ‘टेस्ट टेस्ट’ नावाचे. प्रत्येक नोंद इतर प्रत्येक नोंदीशी ताडून बघणारा कोड ५०० नोंदींवर अडीच लाख तुलना करतो. ५०,००० नोंदींवर तोच कोड २५० कोटी तुलना करतो. हा दोष पकडायला स्लो मशीनची गरजच नाही. ५,००० नोंदी, मग १०,०००, मग २०,००० अशा तीन चाचण्या घ्या. वेळ दरवेळी दुप्पट होत असेल तर ठीक. चौपट होत असेल तर काउंटरवर ते एक दिवस हँग होणारच, फक्त कुठल्या महिन्यात एवढाच प्रश्न. नावं खरीखुरी, लांबलचक आणि देवनागरीतली भरा. जोडाक्षरांचा मजकूर स्क्रीनवर मांडायला साध्या इंग्रजी अक्षरांपेक्षा जास्त काम पडतं, आणि हजार ओळींची यादी एकदम काढली की ते जाणवतं.

आता सेकंदांकडे. स्लो मशीनची नक्कल करण्याआधी आपलं मशीन त्याच्यापेक्षा किती फास्ट आहे हे माहीत हवं. फाइल दाबून छोट्या करणाऱ्या ७-झिप या प्रोग्रॅममध्ये बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, आहे. दोन्ही मशीनवर एकच थ्रेड (कामाचा एक धागा) निवडून तो चालवा. त्यात कॉम्प्रेसिंग आणि डिकॉम्प्रेसिंग असे दोन वेगळे आकडे मिळतात, आणि ते मुद्दाम वेगळे बघायचे. पहिला आकडा कॅश आणि रॅमच्या वेगावर बराच अवलंबून असतो, दुसरा नुसत्या आकडेमोडीवर. दोन्हींचं गुणोत्तर एकच येत नाही, आणि तेव्हाच कळतं की ‘पाचपट’ हा एक आकडा कधीच पुरेसा नव्हता.

प्रोसेसर आवळायचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकात एक खोच आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं की टर्बो, म्हणजे प्रोसेसरने थोडा वेळ घेतलेला जादा वेग, बंद होतो. एवढं तर प्रत्येक चाचणीत कराच, नाहीतर एकाच कोडचे सकाळी आणि दुपारी वेगळे आकडे येतात. आणखी खाली, म्हणजे ४० किंवा ३० टक्क्यांवर नेलं की घड्याळाचा वेग खरोखर उतरतो. नव्या लॅपटॉपवर हा पर्याय बऱ्याचदा लपवलेला असतो. तो पॉवरसीएफजी कमांडने उघडता येतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन ‘सेट अ‍ॅफिनिटी’ने प्रोग्रॅमला दोनच कोअर देता येतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या मशीनवर यातले छोटे, कमी विजेचे कोअर निवडले तर नक्कल जास्त जवळची होते. यादीत ते सहसा शेवटी असतात. खोच अशी की काही प्रोग्रॅम मशीनमध्ये एकूण कोअर किती ते विचारतात, १६ असं उत्तर मिळालं की १६ थ्रेड काढतात आणि ते सगळे दोन कोअरवर कोंबले जातात. मग निकाल खऱ्या स्लो मशीनपेक्षाही वाईट येतो आणि टीम नसलेला दोष शोधत बसते. यावर उपाय विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमध्ये आहे. बूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची संख्या २ आणि मॅक्झिमम मेमरी ४०९६ करा, मशीन पुन्हा सुरू करा. आता विंडोजलाच दोन कोअर दिसतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. आणि चाचणी संपल्यावर टिक काढायला विसरू नका. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पुढच्या सोमवारी कुणीतरी ‘लॅपटॉप खराब झाला’ म्हणून आयटीकडे तिकीट टाकेल.

लिनक्सवर सिस्टीमडीचा सीपीयू कोटा (प्रोग्रॅमला प्रोसेसरचा किती टक्के वेळ मिळेल त्याची मर्यादा) लावणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण इथे बहुतेक जण फसतात. २० टक्के कोटा म्हणजे प्रोसेसर पाचपट स्लो झाला असं नव्हे. डीफॉल्ट हिशेब १०० मिलिसेकंदांचा असतो. त्यातले २० मिलिसेकंद प्रोग्रॅम पूर्ण वेगाने पळतो आणि उरलेले ८० थिजून राहतो. घोडबंदर रोडवर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत सुसाट जायचं आणि मग लाल दिव्यावर थांबायचं, तसं. बटण दाबल्यावर होणारं काम १५ मिलिसेकंदांचं असेल तर कोट्यातही ते १५ मध्येच उरकतं. खऱ्या स्लो मशीनवर त्याला ७५ लागले असते. २५ मिलिसेकंदांचं काम मात्र २० धावतं, ८० थांबतं, मग ५ धावतं आणि १०५ दाखवतं. म्हणजे छोटी कामं खोटी फास्ट दिसतात आणि मधेच अचानक एक झटका बसतो. कालावधी १०० वरून १० मिलिसेकंदांवर आणा, म्हणजे दर १० मधले २. नक्कल बरीच सुधारते. कोटा सगळ्या थ्रेडमध्ये मिळून वाटला जातो, म्हणून सोबत अ‍ॅफिनिटीही लावा. कॅश मात्र कशानेच कमी होत नाही. तुमच्या प्रोसेसरची २४ एमबी कॅश २४ च राहते आणि सेलेरॉनची ४, त्यामुळे मोठे तक्ते मेमरीत फिरवणाऱ्या कोडला तुमचं आवळलेलं मशीनही झुकतं माप देतं.

इतकं सगळं प्रोसेसरबद्दल. आमच्या मते काउंटरवरच्या मशीनचा खरा जाच प्रोसेसर नसतोच. तो असतो डिस्क आणि रॅमचा, आणि तो जोडीने येतो.

५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा असलेला तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच, आणि त्याआधी हेड योग्य जागी सरकायला साधारण १० ते १२. म्हणजे विखुरलेल्या एका वाचनाला १५ मिलिसेकंदांच्या वर. एनव्हीएमईला तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात जमतं. हजार विखुरलेली वाचनं तुमच्याकडे एका सेकंदाच्या दहाव्या भागात, काउंटरवर १५ सेकंदांत. प्रोसेसरमध्ये फरक पाचपट, डिस्कमध्ये दीडशेपट. एका आकड्याने मशीन ‘स्लो करणं’ निरर्थक का, ते इथे दिसतं.

तुमच्या मशीनवर हे लपून राहतं, कारण ३२ जीबीत एकदा वाचलेली फाइल रॅममध्येच पडून राहते आणि दुसऱ्यांदा डिस्ककडे जावंच लागत नाही. म्हणून सुरू होण्याचा वेळ मोजायचा तर मशीन रीस्टार्ट करून पहिल्यांदा उघडतानाचा मोजा. दरवेळी रीस्टार्ट नको असेल तर सिसइंटर्नल्सच्याच रॅममॅपमधून स्टँडबाय लिस्ट, म्हणजे रॅममध्ये पडून राहिलेल्या फाइलींचा साठा, रिकामी करा. जुन्या लॅपटॉपची डिस्क यूएसबी केसमध्ये घालून त्यावर प्रोग्रॅम इन्स्टॉल करणं हा स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे. सलग वाचन यूएसबी २.० मुळे मंदावेल, पण विखुरलेल्या वाचनात अडथळा हेडचाच असतो, त्यामुळे तो आकडा खऱ्याच्या जवळ येतो. लिहिण्याची चाचणी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कची पॉलिसी ‘क्विक रिमूव्हल’वरून ‘बेटर परफॉर्मन्स’वर न्या, पहिल्या सेटिंगमध्ये लिखाणाची कॅश बंद असते आणि आकडे उगाच वाईट दिसतात.

रॅम कमी पडली की विंडोज पेजफाइलकडे, म्हणजे डिस्कवरच्या उसन्या मेमरीकडे, वळतं. ४ जीबीतून विंडोज, अँटीव्हायरस, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सचा वाटा आणि उघडा ब्राउझर वजा केला की तुमच्या प्रोग्रॅमला उरतं ते फारच थोडं. एमएसकॉन्फिगने ४०९६ केलं तरी पेजफाइल तुमच्या एनव्हीएमईवरच असते, त्यामुळे टंचाई निर्माण होते पण तिचा चटका बसत नाही. यूएसबी डिस्कवर पेजफाइल हलवायला विंडोज साधारणपणे देत नाही. मग काय करायचं? पुन्हा मोजा. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट, म्हणजे रॅममध्ये न सापडलेलं डिस्कवरून आणणं, दर सेकंदाला किती झाले ते दिसतं. रिपोर्ट उघडताना ते एकूण ६०० भरले, तर जुन्या डिस्कवर त्यांची किंमत साधारण ६०० गुणिले १५, म्हणजे ९ सेकंद धरा. शेजारशेजारची पानं एकदम आली तर प्रत्यक्षात कमी लागेल, पण धोका कुठे आहे ते कळतं.

इथेच एक जुनी खोड : डेव्हलपर आपलं प्रोजेक्ट फोल्डर विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळून ठेवतो, कारण त्याशिवाय बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधणं) रेंगाळतं. ग्राहकाने काहीच वगळलेलं नसतं. मघाशी मोजलेल्या हजार फाइल तिथे उघडताना तपासल्या जातात. चाचणीच्या मशीनवर वगळणूक काढा आणि बिल्ड रिलीझचं, म्हणजे ग्राहकाला जाणारं, घ्या; डिबगचं, म्हणजे दोष शोधायला बांधलेलं, नको.

उष्णतेकडे कुणी बघत नाही. इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर सुरुवातीला ठरावीक वेळ, बऱ्याचदा २८ सेकंद, जास्त वीज घेऊन पळतात आणि मग खालच्या मर्यादेवर येतात. तुमची २० सेकंदांची चाचणी त्या उसन्या वेगातच संपते. मे महिन्यात ठाण्यातल्या पंख्याखालच्या खोलीत, धुळीने भरलेल्या हीटसिंकसह दिवसभर चालू असलेल्या मशीनला तो वेग मिळत नाही. चाचणी किमान १० मिनिटं सलग चालवा आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे धरा. डुप्लिकेट चार्जर हाही एक वेगळाच किस्सा आहे. अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही तर काही लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम अगदी खालच्या वेगावर बांधून ठेवतात. तक्रार आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेगाचा आकडा वाचून दाखवायला सांगा. लोड असतानाही तो १ गिगाहर्ट्झच्या खालीच अडकला असेल तर दोष तुमच्या कोडचा नसण्याची शक्यता मोठी.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीपीयू ४ पट किंवा ६ पट मंद करता येतो. हे प्रमाण तुमच्याच मशीनच्या तुलनेत असतं, त्यामुळे एका टीममधल्या दोघांचं ‘६ पट’ वेगळं. अलीकडच्या क्रोममध्ये कॅलिब्रेट करण्याची, म्हणजे हे प्रमाण आपल्या मशीनशी जुळवून घेण्याची, सोय आहे, ती वापरा. डिस्क आणि ग्राफिक्सवर याचा काहीच परिणाम होत नाही. गुगलचं लाइटहाउस हे वेब पेज तपासणारं टूल मोबाइलसाठी ४ पट सीपीयू, १५० मिलिसेकंदांचा विलंब आणि १.६ एमबीपीएस धरतं. ते मुख्यतः गणिताने काढलेलं अनुमान आहे, धाव नव्हे. ग्राफिक्ससाठी ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून स्क्रोल करून बघा. धूसर सावल्या आणि अर्धपारदर्शक पडदे किती महाग आहेत ते लगेच कळेल.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत चालणारं नकली मशीन, रॅमच्या चाचणीला उत्तम, बाकीला मध्यम. ते चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्टची, म्हणजे खऱ्या मशीनची, आय/ओ कॅश बंद ठेवा, नाहीतर डिस्क खोटी फास्ट दिसते. चित्र काढण्याचा वेळ तिथे मोजूच नका.

आकडे कसे मांडता यालाही महत्त्व आहे. प्रत्येक चाचणी निदान १५ वेळा घ्या. पहिली, म्हणजे थंड मशीनवरची, वेगळी लिहा. बाकीच्यांची सरासरी काढू नका. मधला आकडा आणि सर्वात वाईट आकडा द्या, कारण फोन येतो तो त्या वाईट आकड्यामुळे. मर्यादा नव्याने शोधायची गरज नाही. ०.१ सेकंदापर्यंत माणसाला काम लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही, १० च्या पुढे तो दुसऱ्या कामाला लागतो, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्येच मांडलं आहे. वेब पेजसाठी गुगलचा आयएनपी (क्लिक केल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंतचा वेळ) हा निकष २०० मिलिसेकंदांच्या आतला प्रतिसाद चांगला मानतो.

एवढं सगळं केलं तरी एक खरं मशीन लागतंच. काही गोष्टींची नक्कलच होत नाही. वर ज्याचं नाव घेतलं त्या सेलेरॉनला एव्हीएक्स सूचना, म्हणजे एका दमात अनेक आकडे हाताळणारे प्रोसेसरचे आदेश, कळत नाहीत. एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) एव्हीएक्स धरून बांधलेली असेल तर प्रोग्रॅम तिथे स्लो होत नाही, सरळ बंद पडतो, आणि तुमच्या कितीही आवळलेल्या मशीनवर तो दोष दिसणार नाही.

म्हणून आमची मागणी खर्चिक नाही. तुमच्या अ‍ॅसेट रजिस्टरमधले लॅपटॉप ठरावीक वर्षांनी ई-कचऱ्याच्या यादीत जातात. त्यातले दोन काढून ठेवा. एकात हार्ड डिस्क आणि ४ जीबी, दुसऱ्यात कमी वॉटचा प्रोसेसर; घरात सापडला नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. बॅटरी फुगलेली असेल तर आधी काढून योग्य ठिकाणी द्या. फॉरमॅट करून चकाचक करू नका. अँटीव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मराठी कीबोर्ड आणि दहा टॅब उघडलेला ब्राउझर त्यावर असू द्या. ऑटोमॅटिक अपडेट चालू राहू द्या, ग्राहकाकडेही ते काउंटरच्या गर्दीतच सुरू होतं. मशीन एसीच्या झोताखाली ठेवू नका. प्रत्येक रिलीझच्या आधी सर्वाधिक वापरले जाणारे पाच स्क्रीन त्यावर उघडून बघा, आणि ते बघणं कोड लिहिणाऱ्यानेच करावं. टेस्टरने पाठवलेला ‘१४ सेकंद’ हा आकडा वाचणं वेगळं आणि १४ सेकंद त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसणं वेगळं.

करारातही एक ओळ घाला : मशीनचं वर्णन, नोंदींची संख्या, नेटवर्कचा विलंब आणि त्या परिस्थितीतली सेकंदांची मर्यादा. ‘सॉफ्टवेअर वेगवान असावं’ असं लिहिलेल्या करारावर नंतर फक्त भांडता येतं. आणि क्वेरी व फाइलचे आकडे रोजच्या बिल्डमध्ये आपोआप तपासले जाऊ द्या. काल २०१ ची १ केलेली क्वेरी पुढच्या बदलात पुन्हा २०१ झाली तर बिल्ड लाल व्हावं. त्यासाठी कुणाला स्लो मशीनपाशी बसावं लागू नये.

कुठल्या पाच स्क्रीनपासून सुरुवात करायची, असं विचाराल तर सपोर्टच्या फोनची गेल्या तीन महिन्यांची नोंदवही काढा. ‘गोल गोल फिरतंय’ असं ज्या स्क्रीनपुढे सर्वात जास्त वेळा लिहिलेलं आहे, ती पहिली.

आपले,
परफॉर्मन्स टेस्टिंग आणि मशीन दुरुस्तीचं काम करणारे काही जण
ठाणे आणि नवी मुंबई